गोव्यातून गाणं, नाटक, लोककला परदेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात राहतो. दिवसा लोकांचे हिशेब लिहितो, संध्याकाळी पेटीची साथ करतो. त्यामुळे कलाकार मंडळी आपले कागदपत्रांचे प्रश्न माझ्याकडेच आणतात, कधी जत्रेतल्या नाटकाच्या मध्यंतरात, कधी रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न फिरून येत आहेत, म्हणून ते इथं एका जागी लिहून काढले. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथं दोन प्रश्न एकमेकांत गुंततात तिथं दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे.

१. कलेची ‘निर्यात’ म्हणजे नेमकं काय? काजूसारखं गाणं काही गोणीत भरून पाठवता येत नाही.

गोणी लागत नाही. परदेशातल्या माणसानं तुमच्या कलेसाठी पैसे मोजले आणि ते देशात आले, की निर्यात झाली. जागतिक व्यापार संघटनेचा ‘गॅट्स’ हा सेवा-व्यापाराचा करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. त्यात याचे चार मार्ग सांगितले आहेत. म्हार्दोळचा तबलजी घरी बसून सिडनीतल्या मुलीला शिकवतो, हा पहिला. जर्मनीहून आलेली एखादी बाई तीन महिने गोव्यात राहून ख्याल शिकते, हा दुसरा. आपल्यातला कुणी दुबईत स्वतःची संगीतशाळा काढतो, हा तिसरा. नाटकाचा संच लंडनला जाऊन प्रयोग करतो, हा चौथा.

देशाच्या हिशेबात पहिल्या आणि चौथ्या मार्गाचे पैसे ‘वैयक्तिक, सांस्कृतिक व मनोरंजन सेवा’ या सदरात पडतात. दुसऱ्याचे ‘प्रवास’ या सदरात जातात. ध्वनिमुद्रणावर मिळणारी रॉयल्टी आणखी वेगळ्या सदरात, बौद्धिक संपदेच्या वापराचं शुल्क म्हणून. हे आत्ता किचकट वाटेल, पण बँकेत फॉर्म भरताना हाच फरक उपयोगी पडतो (प्रश्न ७).

२. हे सगळं नवीन खूळ आहे का? आमच्या आजोबांच्या काळी असलं काही नव्हतं.

होतं, आणि आजच्यापेक्षा मोठं होतं. १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. इथल्या कलाकाराच्या दृष्टीनं मुंबई हे दुसऱ्या राज्यकर्त्यांचं, दुसऱ्या नाण्याचं गाव. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, ही सगळी माणसं सरहद्द ओलांडून गेली आणि तिथल्या रसिकांच्या पैशावर उभी राहिली. आजच्या व्याख्येत ती सरळ सरळ सांस्कृतिक सेवांची निर्यात होती.

पण नाटक कंपन्या, ध्वनिमुद्रिका काढणारे, संगीताचे वर्ग, हे सगळं तिकडेच रुजलं. गोव्यात आला तो अभिमान, आणि कुणी देवळाला दिलेली देणगी. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. हे सांगताना आजही माझा ऊर भरून येतो. त्याच वेळी मनात येतं, की ज्या मातीतून तो गळा आला तिथं त्या कमाईतून एखादं गुरुकुल उभं राहिलं असतं तर आज केरीत चित्र वेगळं असतं. या पानावरच्या बहुतेक उत्तरांमागे हाच विचार आहे: कलाकार बाहेर जावा, पण हक्क, कागद आणि शिकवणं घरी राहावं.

३. पण यानं गोव्याच्या अर्थव्यवस्थेला खरंच हातभार लागतो, की चार कलाकारांचंच भलं होतं?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

डिचोली-सांगे या खनिजाच्या पट्ट्यातल्या माणसाला विचारा, एकाच मालाच्या निर्यातीवर गाव उभा राहिला की काय होतं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. दारात उभ्या ट्रकांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. खनिज एकदा जहाजावर चढलं की डोंगर संपतो. गाणं शंभरदा विकलं तरी गाणाऱ्याच्या गळ्यात शिल्लक राहतं, आणि शिष्य तयार झाला तर दुप्पट होतं.

आता एका दौऱ्याचे पैसे कुठे कुठे जातात ते पाहा. संगीत नाटकाचा बारा माणसांचा संच परदेशी निघतो तेव्हा नट-गायकांबरोबर ऑर्गनवाला आणि तबलजी असतो. कपडेपट शिवणारा शिंपी, रंगपट सांभाळणारा, पडदे रंगवणारा, तालमीला जागा देणारं देवस्थान, चहा-फराळ पुरवणारं दुकान, सगळ्यांना काम मिळतं. ही माणसं गावातली असतात आणि पैसा गावातच खर्च करतात. पंचतारांकित हॉटेलच्या खोलीभाड्याबद्दल असं म्हणता येत नाही, त्यातला बराचसा भाग मालक जिथं असेल तिथं जातो.

जगात याची उदाहरणं आहेत. जमैका हा तीस लाखांहूनही कमी वस्तीचा देश, पण रेगे संगीतानं त्याला जगभर गिऱ्हाईक मिळवून दिलं. मात्र सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचे हक्क परदेशी कंपन्यांच्या हाती गेले, आणि गाणी गाजली तरी पैशाचा मोठा वाटा किंग्स्टनला पोचला नाही. आपण हे आधीच शिकून घ्यायला हवं.

मोठे आकडे सांगणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेनुसार २०२२ मध्ये जगातल्या सर्जनशील सेवांची निर्यात सुमारे १.४ लाख कोटी डॉलर होती. हा आकडा भाषणात छान वाटतो. पण त्यात सॉफ्टवेअर आणि संशोधन यांचाच वाटा मोठा आहे, गाणं-बजावणं त्या मानानं थोडं. म्हणून मी असं म्हणणार नाही की दशावतार खाणींची जागा घेईल. इतकंच म्हणेन, की एका वाड्यावरची वीस घरं वर्षभर नीट चालतील एवढं यातून नक्की येतं, आणि गोव्यात असे वाडे पुष्कळ आहेत.

४. मांडवीतल्या बोटीवर आम्ही पर्यटकांसमोर नाचतो, समोर बसलेले सगळे परदेशी. ती निर्यात का?

देशाच्या हिशेबात हो, प्रश्न १ मधला दुसरा मार्ग. जीएसटीच्या हिशेबात नाही, कारण कार्यक्रम गोव्यात होतो आणि तुम्हाला पैसे देणारा बोटीचा मालकही इथलाच. परदेशी जोडप्यानं गोव्यात लग्न केलं आणि शहनाईवाल्यांना डॉलर दिले तरी तेच: जिथं कार्यक्रम, तिथलीच सेवा. डॉलर दिसले की निर्यात, हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो.

५. ऑनलाइन शिकवणी सुरू करायची आहे. त्यातून खरंच काही मिळतं का, आणि अडचणी कोणत्या?

मिळतं. गोव्यातल्या कलाकारासाठी आज हाच सर्वांत सोपा आणि भक्कम मार्ग आहे, कारण व्हिसा नाही, विमान नाही, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे येतात.

माझे एक शेजारी सकाळी आठला तबला शिकवायला बसतात. कॅलिफोर्नियात तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, मुलगा शाळेतून येऊन जेवून तयार. लॅपटॉप पाटावर, खाली दोन जुनी पंचांगं, म्हणजे कॅमेऱ्यात चेहऱ्याऐवजी बोटं दिसतात. पहिल्या आठवड्यात ते हैराण झाले होते. हे लेहरा, म्हणजे ठेक्याबरोबर फिरत राहणारी धून, धरायचे, मुलगा ठेका वाजवायचा, आणि प्रत्येक सम उशिरा पडायची. ते रागवायचे, मुलगा रडकुंडीला यायचा. चूक मुलाची नव्हतीच. आवाज तिथं पोचून परत यायला वेळ लागतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं शक्यच नसतं. आता लेहरा मुलाच्याच बाजूला लावलेला असतो, हे नुसतं ऐकतात आणि थांबवून दुरुस्त करतात. दुसरी गोष्ट, कॉलच्या अ‍ॅपमधली आवाज गाळण्याची सोय बंद करायची. ती डग्ग्याची घुमक गोंगाट समजून कापते. जूनमध्ये कौलांवर पाऊस कोसळायला लागला की बोलण्यात अर्थ नसतो, त्या दिवसांत ते मुलाकडून ध्वनिमुद्रण मागवतात आणि त्यावर बोलून पाठवतात.

करारात तीन गोष्टी आधीच लिहा: फी महिन्याची आगाऊ, शिष्यानं चुकवलेला वर्ग किती तास आधी कळवला तर भरून मिळेल, आणि नोव्हेंबरात अमेरिकेतलं घड्याळ एक तास मागे गेलं की इथली वेळ आठची नऊ होईल. या शेवटच्या ओळीअभावी मी चांगले संबंध बिघडलेले पाहिले आहेत. जीएसटीसाठी प्रश्न ८ आणि १० पाहा.

६. मानधन किती मागावं? मागायला संकोच वाटतो.

रक्कम मी सांगू शकत नाही, पण ती काढायची कशी ते सांगतो. गोव्यात आपण ‘नाईट’ ठरवतो आणि मोकळे होतो. परदेशात एका नाईटमागे व्हिसाची फी, प्रवास विमा, तालमीचे दिवस, विमानातले दोन दिवस, आणि त्या आठवड्यात जत्रेतले सोडून दिलेले प्रयोग येतात. तिथं कापला जाणारा कर (प्रश्न ११) आणि बँकेचं कमिशन आधीच धरा. या सगळ्याची बेरीज झाल्यावर जे उरेल ते तुमचं मानधन. तेच गावच्या नाईटपेक्षा कमी निघालं, तर तो दौरा म्हणजे हौसेची सहल.

माझाच अनुभव सांगतो. आखातातल्या एका आयोजकानं आमच्या संचाला ‘तिकीट, राहणं, जेवण आमचं, वर बिदागी देऊ’ असं सांगून नेलं. बिदागीचा आकडा कुणीच विचारला नाही, मीही नाही. प्रयोग रंगला, लोक उभे राहिले. शेवटी हातात पाकीट आलं, त्यात पेटीवाल्याच्या दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे होते. वर त्यांनी तीन कॅमेऱ्यांनी केलेलं चित्रीकरण त्यांच्याकडेच राहिलं आणि पुढं ते पैसे घेऊन दाखवलं गेलं. बिदागी हा आपल्याकडचा सुंदर शब्द आहे, पण ती मैफलीनंतर खूश झालेल्या यजमानानं वर द्यायची गोष्ट. कराराच्या जागी ती चालत नाही.

७. परदेशातून पैसे मागवायची सरळ वाट कोणती? शिष्य म्हणतो, यूपीआय करतो.

बँकेत वायरनं किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पेमेंट कंपनीमार्फत, परकीय चलनात. बँक उद्देशाचा कोड विचारते. ‘पी ११’नं सुरू होणारा गट हा वैयक्तिक, सांस्कृतिक व मनोरंजन सेवांचा आहे, त्यातला तुमच्या कामाला जुळणारा कोड निवडा. कित्येक कलाकार घाईत ‘कुटुंबाच्या खर्चासाठी’ असं लिहून टाकतात. पैसे येतात, पण कागदावर ती कमाई राहत नाही. उद्या घरासाठी कर्ज हवं असलं की बँक उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि दहा वर्षं जगभर शिकवलेल्या माणसाकडे दाखवायला काही नसतं.

प्रत्येक रकमेचं एफआयआरसी, म्हणजे परकीय चलन आल्याचं बँकेचं पत्र, मागून घ्या आणि पावतीला टाचून ठेवा. शिष्य भारतातल्या खात्यातून रुपयांत यूपीआय करतो तेव्हा हा पुरावा तयार होत नाही. सोय म्हणून एखाद वेळी ठीक, सवय नको.

८. जीएसटी लागतो का?

बहुतेकांना नाही. सेवांची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर नोंदणीच लागत नाही. मात्र ही बेरीज करताना निर्यातीचे पैसेही धरायचे.

त्याच्या वर गेलात तर नोंदणी करावी लागते, पण निर्यातीवर कर शून्य. त्यासाठी दर आर्थिक वर्षी आरएफडी-११ या फॉर्ममध्ये हमीपत्र भरायचं. निर्यात म्हणवण्यासाठी तुम्ही भारतात, घेणारा भारताबाहेर, सेवेचं ठिकाण भारताबाहेर, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेनं मुभा दिली असेल तिथं रुपयांत, आणि दोघं एकाच संस्थेच्या शाखा नाहीत, अशा पाच अटी आहेत. हमीपत्रावर बिल काढल्यापासून एक वर्षात पैसे आले नाहीत तर कर व्याजासकट भरावा लागतो, म्हणून जुन्या येण्यांचा पाठपुरावा सोडू नका.

देशातल्या कामासाठी दोन सवलती आहेत. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातलं गायन, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत करमुक्त आहे. आणि व्यक्तीनं स्वतः दिलेलं कलेचं छंद-शिक्षणही करमुक्त आहे. पहिल्या सवलतीत दशावतार, काला ही लोकनाट्यं बसतात. आजच्या विषयावरचं सामाजिक नाटक बसत नाही.

९. प्रयोग दुबईत, पण आम्हाला नेणारा ठेकेदार मुंबईचा आणि पैसे रुपयांत. ही निर्यात धरायची?

नाही. तुमचं गिऱ्हाईक तो मुंबईचा ठेकेदार आहे, दुबईचे प्रेक्षक नव्हेत. नोंदणी असेल तर त्याच्या नावानं नेहमीसारखं आंतरराज्य बिल काढायचं. निर्यात त्याची झाली. सुपारी घेताना हा फरक बोलून घ्या, कारण ठेकेदार ‘परदेशातला शो आहे, टॅक्स कुठला?’ म्हणतो आणि दोन वर्षांनी नोटीस तुमच्या दारात येते.

१०. शिष्य न्यू जर्सीत, फी मात्र त्याचे मडगावचे आजोबा भरतात. मग?

कायद्यात सेवा घेणारा म्हणजे पैसे द्यायला बांधील असलेला माणूस. ठरलं आजोबांशी आणि पैसे दिले आजोबांनी, तर घेणारा मडगावचा, निर्यात नाही. उलाढाल २० लाखांखाली असेल तर काही बिघडत नाही, वर असेल तर मुलाच्या आईवडिलांशी लेखी ठरवून तिकडूनच पैसे मागवा. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून एका गुरुजींनी त्यांना सांगितलं, ‘फी मुलगा देऊ दे, गुरुपौर्णिमेला तुम्ही नारळ घेऊन या.’ आजोबा दर वर्षी येतात.

११. तिकडे कर कापून घेतला. इथं पुन्हा भरायचा?

एकाच कमाईवर दोनदा कर लागू नये म्हणून देशादेशांत करार असतात. त्यांतल्या बहुतेकांत कलाकार आणि खेळाडूंसाठी वेगळं कलम असतं: जिथं कार्यक्रम, त्या देशाला कर लावायचा हक्क. अमेरिकेत बाहेरून आलेल्या कलाकाराच्या रकमेतून साधारणपणे ३० टक्के आणि ब्रिटनमध्ये २० टक्के आधीच कापले जातात. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीच्या उत्पन्नावर करच नाही. भारताचे रहिवासी म्हणून ते उत्पन्न इथंही दाखवायचं, पण तिथं भरलेल्या कराची वजावट मिळते. त्यासाठी आयोजकाकडून कर कापल्याचा दाखला त्याच दिवशी मागा, घरी परतल्यावर तो मिळणं फार कठीण.

सरकारी खर्चानं झालेल्या दौऱ्याला अनेक करारांत यातून सूट असते. आणि जुनी मंडळी अजून विचारतात म्हणून सांगतो: परदेशी कमाईवर कलाकारांना मिळणारी ८०आरआरची वजावट करनिर्धारण वर्ष २००५-०६ पासून बंद झाली आहे.

१२. टुरिस्ट व्हिसावर जाऊन एक कार्यक्रम केला तर काय बिघडतं? सगळे जातात.

पकडलं तर परत पाठवतात, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं. अमेरिकेत वैशिष्ट्यपूर्ण सांस्कृतिक कलांसाठी ‘पी-३’ हा वेगळा व्हिसा आहे, त्याचा अर्ज तिथल्या आयोजकानं करायचा असतो. ब्रिटनमध्ये आधी ठरलेला मानधनाचा कार्यक्रम पोचल्यापासून ३० दिवसांत करायला अभ्यागत व्हिसावर मुभा आहे, पण ते अर्जातच सांगायला हवं.

लोककलेच्या संचांनी आणखी एक पाहावं. दहावी न झालेल्या कलाकाराच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ शिक्का असतो. असा माणूस नोकरीच्या व्हिसावर आखातात निघाला तर त्याला परदेशगमनाची सरकारी मंजुरी लागते. संचातला उत्तम मृदंगवादक विमानतळावरून परत येऊ नये म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट तारीख ठरवण्याआधी पाहा.

१३. आजोबांचं घुमट बरोबर न्यायचं आहे. चालेल?

आधी कातडं पाहा. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याचं तालवाद्य, आणि जुन्या घुमटांवर घोरपडीचं कातडं मढवलेलं असतं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्याही पहिल्या परिशिष्टात. असं वाद्य सरहद्दीपार नेणं हा गुन्हा आहे, मग भावना कितीही खरी असो. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला तो बकऱ्याच्या कातड्यावरच्या घुमटामुळे, आज सगळीकडे तेच वाजतं. ते न्या. आवाज थोडा वेगळा लागतो हे खरं, जाणकाराला चटकन कळतो. पण आरतीला ते सुरेख साथ देतं.

तंबोऱ्यावर हस्तिदंत किंवा सांबरशिंगाची नक्षी असेल तर तोही घरीच ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष कायद्याखाली येते. बाकी महागडी वाद्यं नेताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात-दाखला घ्या, नाहीतर परतताना आपल्याच सतारीवर आयात शुल्क मागितलं जातं. बऱ्याच देशांत फिरायचं आणि सामान मोठं असेल तर फिक्की या उद्योग-संघटनेकडून ‘एटीए कार्नेट’, म्हणजे सामान तात्पुरतं नेण्या-आणण्याचं कस्टमसाठीचं पत्र, मिळतं.

१४. परदेशी निर्मात्यानं करार पाठवलाय, बारा पानं इंग्रजी. काय पाहू?

चार शब्द शोधा: मुदत, प्रदेश, माध्यम, रॉयल्टी. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच परदेशी करारात ‘संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी’ असं आवर्जून लिहिलेलं असतं. ती ओळ खोडून पाच वर्षं आणि तीन देश असं सुचवा. मी सुचवून पाहिलं आहे, बहुतेक वेळा ते मान्य करतात, कारण आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी आणि गायक-वादकांचे सादरकर्त्याचे हक्क बळकट केले आहेत. ही रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्था आहेत: गीतकार-संगीतकार असाल तर आयपीआरएसचे सभासद व्हा, गायक असाल तर इसाम्राचे (पूर्वीची इस्रा). आणि कोणत्या देशाचा कायदा लागू होईल ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

१५. तियात्रवाल्यांना जमतं, आम्हा मराठीवाल्यांना का नाही?

तियात्राचा, म्हणजे गोव्याच्या कोकणी नाटकाचा, जन्मच १८९२ मध्ये मुंबईत, म्हणजे गोव्याबाहेर झाला. गोंयकार जिथं कामाला गेला तिथं तो मागोमाग गेला, कुवेत, बहारीन, दुबई, पुढं इंग्लंड. त्यांचा प्रेक्षक गावकरी म्हणून तिकीट काढतो. आपल्याकडे मराठी मंडळं आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. पण तिथं निमंत्रण जातं मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या चेहऱ्यांना. गोव्याच्या संचानं ‘आम्हीही मराठी नाटक करतो’ म्हणून जाण्यापेक्षा जे फक्त इथंच आहे ते न्यावं: सत्तरी तालुक्यातलं रणमालें हे लोकनाट्य, काला, जत्रेतलं रात्रभरचं संगीत नाटक. आणि तियात्रवाल्यांकडून तिकीटविक्री शिकावी. शेजारीच आहेत, विचारलं तर मोकळेपणानं सांगतात.

१६. सरकारकडून काही मदत?

भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, १९५० पासून कलाकारांना बाहेर पाठवते. तिच्या यादीत नाव येण्यासाठी अर्ज करा. सेवा-निर्यातीसाठी २००६ पासून वेगळी प्रोत्साहन परिषद आहे. आयात-निर्यात कोड सेवांना सरसकट लागत नाही, परदेश व्यापार धोरणातला लाभ घ्यायचा असेल तरच लागतो. सिनेमावाल्यांसाठी इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात आहे, त्याला जोडून भरणारा फिल्म बाजार २००७ पासून. तिथं ध्वनी, संगीत, उपशीर्षकं अशी कामं करणाऱ्यांनीही जावं, नुसत्या दिग्दर्शकांनी नव्हे.

सांस्कृतिक वैविध्याच्या २००५ च्या युनेस्को करारात सोळावं कलम असं आहे, की श्रीमंत देशांनी विकसनशील देशांच्या कलाकारांना झुकतं माप द्यावं. भारत त्याचा सभासद आहे. व्हिसाच्या रांगेत त्याचा प्रत्यय मला तरी आलेला नाही. गोव्यापुरती माझी मागणी साधी आहे: कांपालच्या कला अकादमीत एक टेबल, एक माणूस, जो या पानावरच्या प्रश्नांची उत्तरं देईल.

१७. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, राहतो पेडण्यात. मी निर्यातदार ठरतो का?

ठरता. पासपोर्ट कुठला हे जीएसटी पाहत नाही, सेवा कुठून दिली जाते ते पाहतो. प्राप्तिकरही रहिवासावर ठरतो. दौऱ्यात तर तुमचा फायदाच आहे, युरोपीय संघातल्या देशांत तुम्हाला कामाचा व्हिसा लागत नाही. फक्त संचातल्या इतरांना लागतो हे आयोजकाला आधी सांगा. सरकारी योजनेत अर्ज करताना मात्र भारतीय नागरिकत्वाची अट आहे का ते वाचा.

१८. गावच्या बायकांचे धालो एका परदेशी बाईंनी टिपून नेले. गाणी कुणाची?

धालो म्हणजे बायकांनी रात्री फेर धरून गायची लोकगाणी. ती कुणा एकाची नाहीत, त्यामुळे शब्दांवर आणि चालीवर कॉपीराइट लागत नाही. पण त्या रात्री मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या जागी, ज्या बायका गायल्या, त्यांच्या सादरीकरणावर त्यांचा हक्क आहे, पन्नास वर्षं. संशोधनासाठी किंवा शिकवण्यासाठी टिपून घ्यायला कायद्यात मुभा आहे. तेच ध्वनिमुद्रण पुढं आल्बममध्ये, जाहिरातीत, दुसऱ्या एखाद्या गाण्यात तुकडा म्हणून वापरलं, तर मात्र परवानगी हवी. सादरकर्त्यांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला, त्यामुळे बाहेरही दाद मागायला जागा आहे.

अडचण एकच: दहा वर्षांनी कोण गायलं होतं हे सिद्ध कसं करणार? यंदाच्या पौषात आमच्या जवळच्या एका वाड्यावर टिपायला पाहुणे आले, तेव्हा आम्ही आधी एक वही काढली. तारीख, मांडाचं ठिकाण, टिपणाऱ्याचं नाव, कशासाठी टिपतो ते, आणि गाणाऱ्या सगळ्यांची नावं. सही करता न येणाऱ्या दोघी आज्यांनी अंगठा दिला. पाहुण्यांनी खाली सही केली आणि वहीच्या पानाचा फोटो स्वतःच काढून घेतला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मग समई लावली आणि धालो सुरू झाले. वही आता वाड्यावरच्या देवघरात आहे.